मागचा डावा कोपरा

१

हौसेला मोल नाही म्हणतात. अमरनाथच्या हौसेला तर कारणही नव्हतं, असं केजच्या बाजारपेठेचं मत पडलं. माणसाचं भांड्यांचं चालतं दुकान होतं, युसूफ वडगावात स्वतःचं घर होतं आणि दारात पुण्याहून जुनी घेतलेली लांबलचक, पांढरी, परदेशी बनावटीची गाडी होती. आत बसलं की खालचा रस्ता डांबरी आहे की नांगरलेला, ते कळायचं नाही. लोक जन्मभर राबून मऊ गाडी घेतात. हा गडी मऊ गाडी कडक करून घ्यायला निघाला होता.

"रेसला जायचंय का बे तुला?" तानाजीनं विचारलं.

तानाजी त्याचा शाळेपासूनचा दोस्त. आंबाजोगाई रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि त्याचं तोंड गॅरेजपेक्षा मोठं होतं.

"वळणावर लई डुलती रे," अमरनाथ म्हणाला. "ब्रेक मारला की नाक खाली, रेस दिली की नाक वर. पकडच वाटत न्हाई. जरा स्पोर्टी पायजे."

तानाजीला तेवढंच हवं होतं. एरवी त्याच्याकडं येणारा प्रत्येक जण गाडी उंच करायला यायचा. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या पिकअपला स्प्रिंगेचे पाटे वाढव, जीपखाली ठोकळे घाल, असली कामं. गाडी खाली बसवायला आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, आखूड आणि कडक स्प्रिंगा मागवल्या, त्यांच्या जोडीचे शॉकअप मागवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगितलं की अख्ख्या जिल्ह्यात हे काम करणारा आपण एकटाच.

काम मात्र झकास झालं. गाडी दोन बोटं खाली आली आणि दबा धरून बसल्यासारखी दिसायला लागली. वळणावर आता ती कलायची नाही. स्टिअरिंग जरा फिरवलं की लगेच ऐकायची. फक्त खड्डा आला की तो थेट दातांत जाणवायचा.

"आता गाडीत बसायच्या आधी बत्तिशी काढून ठिवायची का?" रुचिका, त्याची बायको, हसत म्हणाली.

दानम्मा हसली नाही. ती अमरनाथची आई. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली, मागचं डावं दार उघडलं आणि सीटवर तळहात ठेवून उभी राहिली.

"हे सीट तेच हाय ना?"

"तेच हाय आई. निस्तं खालचं बदललंय."

"मग बरं," दानम्मा म्हणाली आणि दार अगदी हळू लावून घरात गेली.

२

अमरनाथ दुपारी जेवायला घरी यायचा. पत्र्याच्या शेडखाली गाडी लावायची, आमटी-भाकरी खायची, सोप्यात घटकाभर आडवं व्हायचं आणि ऊन कललं की पुन्हा दुकान. बापाच्या वेळेपासूनचा हा शिरस्ता. त्या दिवशी लाईट गेलेली होती. पंखा बंद, चैतातलं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. तेवढ्यात शेडमधून आवाज आला.

कुर्र.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. गाडीत कुणी बसलं की स्प्रिंगेखालचं नवं रबर दबायचं आणि असा आवाज यायचा. रुचिका काही काढायला गेली असेल म्हणून तो पडून राहिला. जरा वेळानं पुन्हा, पण किंचित वेगळा, कुणी उठल्यावर यावा तसा. मग परत दबल्याचा. मग उठल्याचा.

"रुचिका," त्यानं हाक मारली.

"काय?" रुचिका स्वयंपाकघरातून म्हणाली.

तो उठून दारात आला. शेडमध्ये गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं. पाच-सहा पावलं टाकून तो गाडीपाशी गेला तेव्हा आवाज थांबला होता.

तापलेलं लोखंड बोलतंच, त्याला काय एवढं. जन्म भांड्यांत गेलेला माणूस तो. उन्हात ठेवलेलं पातेलं सावलीत आणलं की कसं टकटक करतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी त्यानं तानाजीला फोन लावला. "नवं रबर हाय बे," तानाजी म्हणाला, "बसू दे जरा. आठ-पंधरा दिवस बोलंल, मग गप पडंल." अमरनाथला बरं वाटलं. तो परत येऊन आडवा झाला.

पण पातेलं टकटक करतं ते कसंही, कधीही करतं, आणि निवलं की थांबतं. शेडमधला आवाज परत सुरू झाला तो एका चालीनं. वर, खाली, मध्ये थोडी उसंत. ऐकता ऐकता अमरनाथच्या लक्षात आलं की आपली छातीही त्याच चालीनं वरखाली होतेय. त्यानं मुद्दाम मोठा श्वास घेतला आणि कुशीवर वळला. झोप काही आली नाही.

३

आता खरं कारण सांगायला हवं. ते बाजारपेठेला ठाऊक नव्हतं आणि रुचिकालाही नाही.

अमरनाथचे वडील मन्मथप्पा दिवाळीनंतर गेले. लातूरला दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा. अमरनाथनं त्यांना मागच्या सीटवर निजवलं, डोकं दानम्माच्या मांडीवर दिलं आणि गाडी काढली. आंबाजोगाई मागं पडली आणि दानम्मानं हाक मारली. त्यानं गाडी कडेला घेतली, नाकापाशी बोटं धरली, छातीला कान लावला. रस्त्यावरून ट्रक धडधडत होते, त्याचं स्वतःचं काळीज त्याहून जास्त धडधडत होतं. बापाचा श्वास काही लागला नाही.

त्यानं तिथूनच मोठ्या चुलत्याला फोन केला. लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. बसवून नेतात आणि बसवूनच समाधी देतात. शरीर ताठायच्या आत बसतं करावं लागतं. चुलते फोनवर तेच म्हणाले, "आधी बसतं कर रे बाबा, मग उशीर हुतो." अमरनाथनं बापाची मांडी घातली, पाठ डाव्या कोपऱ्याला टेकवली आणि आपल्या उपरण्यानं त्यांना सीटला बांधलं. दानम्मा शेजारी उजवीकडं बसली. तेवढ्या वेळात मोबाईलवर भावपूर्ण श्रद्धांजल्या यायला लागल्या होत्या.

गाडी सुरू झाली आणि दानम्मा म्हणाली, "अमर, हे हलतायत."

त्यानं आरशात पाहिलं. मन्मथप्पांची मान सावकाश कलली, दानम्माच्या खांद्याला लागली, तिथं जरा थांबली आणि सावकाश परत सरळ झाली.

"आई, गाडी डुलतीय."

"जरा थांब रे."

"मऊ गाडी हाय आई. डुलती ती."

तो थांबला नाही. आता थांबून करायचं काय? पाहुणे निघाले होते. शेतात खड्डा खणायला माणसं गेली होती. विधीसाठी जंगमांना आणायला गाडी पाठवली होती. अंगणात फुलांची खुर्ची सजत होती आणि वाजंत्री येऊन बसली होती. एकदा गेले म्हणून सांगितलेल्या माणसाबद्दल, थांबा, जरा बघू या, असं म्हणायला छाती लागते. ती अमरनाथकडं नव्हती. दिवस मावळायच्या आत विभूती, बेलपत्र आणि मीठ घालून समाधी झाली.

गाडी डुलली म्हणून अप्पा हलले. एवढ्या एका वाक्यावर अमरनाथ उभा होता. ते वाक्य खोटं निघालं, तर आपण काय पुरलं याचा विचार करायची त्याच्यात ताकद नव्हती. पण गाडी प्रत्येक वळणावर डुलायची, डुलली की त्याची नजर आरशात जायची, आणि रिकाम्या कोपऱ्यात ती मान दिसायची. डुलणंच गेलं तर बघायची सवयही जाईल, असं त्याला वाटलं. म्हणून ती हौस.

४

पंधरा दिवस झाले तरी रबर गप पडलं नाही. अमरनाथ गाडी घेऊन गॅरेजवर गेला. तानाजीनं गाडीभोवती फिरून प्रत्येक चाकाच्या वर, चाक आणि पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. तीन ठिकाणी चार बोटं सहज जात होती. मागच्या डाव्या कोपऱ्यात तीनच गेली.

"हितं काय ठिवलंय का डिकीत? पातेली-बितेली?"

"काय न्हाई."

डिकी उघडली. रिकामी होती. तानाजीनं स्प्रिंगेखालचं आट्यांचं कडं फिरवून तो कोपरा वर घेतला, पुन्हा बोटं घातली आणि समाधानानं मान हलवली. मग त्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकून, पाय जमिनीवरून उचलून, सगळा भार टाकला. तानाजी अंगानं काही कमी नव्हता. गाडी ढिम्म हलली नाही.

"बघ," तो म्हणाला. "असल्या स्प्रिंगा हायत. माणूस उठला-बसला तर निस्ती कुरकुर हुईल. दिसण्यासारखं हलायचं तर आत म्हैस बांधावी लागंल."

अमरनाथ हसला. घरी येऊन गाडी लावली, जेवला, आणि सोप्याच्या दारातच खुर्ची टाकून बसला. म्हटलं, एकदाचं डोळ्यांनीच बघू. मन चिंती ते वैरी न चिंती. ऊन पत्र्यावर तापत होतं. गाडीच्या मागच्या पांढऱ्या पत्र्याची कड आणि तिच्यामागच्या भिंतीतली विटांची एक ओळ बरोबर एका रेषेत होती. त्यानं नजर तिथं लावली.

कुर्र झालं आणि कड विटांच्या ओळीखाली गेली. अगदी केसभर. मग वर आली.

डोळ्यांवर ऊन येतंय, असं तो स्वतःशी म्हणाला. खुर्ची हलतेय. आपणच श्वास घेतोय, म्हणून नजर वरखाली होतेय. हे शेवटचं त्याला पटलं. त्यानं श्वास रोखून धरला आणि बघत राहिला. कड खाली गेली, थांबली, वर आली. त्याचे कान बधिर व्हायला लागले तरी तिचं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः बोटं घालून पाहिली. तीनच गेली.

५

दानम्मानं दुपारी गाडीत जाऊन बसायला सुरुवात केली. आपली जागा धरून, मागं उजवीकडं. दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवायची आणि पदरानं वारा घ्यायची.

"आई, घरात बस की. पंखा हाय," अमरनाथ म्हणाला.

"हितं बरं वाटतंय."

"एवढ्या उन्हात?"

"सोबत असल्यावर ऊन लागत न्हाई बाबा."

त्यानं तो विषय तिथंच सोडला. म्हातारं माणूस, जोडीदार गेलेला. ज्या जागी शेवटचं शेजारी बसलो तिथं जीव गुंततो. यात नवल काही नाही. रुचिकाला मात्र तेवढ्यानं समाधान होईना. एकदा त्याला पाणी देता देता ती हळूच म्हणाली, "आत्याबाई गाडीत बोलत असतेत."

"काय बोलती?"

"घरचंच सगळं. डाळ भरडून आणली, शेजारच्या शिवकन्याच्या पोरीचं जमलं, भिंतीला ओल आलीय. वाईट कायच न्हाई." रुचिकानं तांब्या घट्ट धरला होता. "पण मधीच थांबतेत हो. समोरच्याचं ऐकून घ्यावं तसं. आन् मग हसतेत. अप्पा असताना हसायच्या तसं."

"दुःख हाय तिला. निघून जाईल."

"आन् तुमाला? तुमी का झोपत न्हाई?"

अमरनाथनं तांब्या घेऊन तोंडाला लावला. गाडी विकून टाकावी असं त्याच्या मनात आलं. पण विकली, तर आई दुपारी कुठं जाऊन बसेल? नांदूरघाटाकडच्या शेतात समाधी होती. त्याच्या डोळ्यांसमोर आई तिथं मातीला कान लावून बसलेली आली, आणि त्यानं विकायचा विचार सोडून दिला.

६

सोमवारी सकाळी तानाजीचा फोन आला, "येऊन जा, एक गंमत दाखवतो." आज समाधीवर जायचा दिवस होता. दानम्मा बेल खुडून तयारच होती. जाऊन लगेच येतो, असं सांगून अमरनाथ निघाला.

तानाजीनं जुने काढलेले चारी शॉकअप अमरनाथला विचारूनच विकायला ठेवले होते. आष्टीच्या एका हौशी माणसाकडं तसलीच गाडी होती, तो घेऊन गेला होता.

"तीन ठिवले त्यानं, एक परत पाठवला," तानाजी म्हणाला. त्यानं काळा, धुळीनं माखलेला तो शॉकअप लोखंडी शिकंज्यात उभा आवळला आणि वरून दांडा दाबला. दांडा आत गेला नाही. हातोडीचा एक घाव घातला. तरी नाही.

"जाम हाय," तानाजी म्हणाला. "आतून पार धरलाय. शॉकअप न्हाई, काठी झालीय."

"कुठला ह्यो?"

"मागचा डावा."

अमरनाथ त्या दांड्याकडं बघत राहिला. "काढताना जाम झाला असंल."

"हॅट! आतला गंज बघ की. तू गाडी घेतली तवापासूनच असंल ह्यो. गंमत ही की बाकीची गाडी मऊ, म्हणून तुला कधी कळलंच न्हाई."

"पण गाडी डुलायची तानाजी. मला सोता जाणवायचं."

"तीन कोपरे डुलायचे. ह्यो न्हाई. ह्या कोपऱ्याला निस्ते दणके. हितं बसणाऱ्याचं कंबरडं मोडंल, पण झोका म्हणून बसायचा न्हाई." तानाजी हसला, आणि हसता हसता त्याला आठवलं. "अप्पा बसायचे न्हवं हितं? म्हणायचे बघ, तुमाला पाळणा वाटती, मला निस्ते दणके बसतेत. आपण हसायचो. म्हातारं माणूस खरं सांगत हुतं की रं."

अमरनाथनं दांड्यावर हात ठेवला. दोन्ही हात ठेवले. सगळ्या अंगाचा भार टाकून दाबला. मग सोडून पुन्हा दाबला. तानाजी आधी हसत होता, मग हसायचा थांबला.

"अमर, काय झालं बे?"

"काय न्हाई," अमरनाथ म्हणाला. "आईला शेतात न्यायचंय."

७

घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. मान सावकाश कलते, खांद्याला लागते, थांबते, सावकाश सरळ होते. दणक्यानं मान अशी जात नाही. दणक्यानं हिसका बसतो. हे त्याला त्या दिवशीही दिसलं होतं, हे आता त्याला कळलं. दिसलं होतं म्हणूनच त्यानं आईला दोनदा गप्प केलं होतं. मला तुमची भीती वाटती, अप्पा, असं तो मोठ्यानं बोलला, आणि स्वतःच्या आवाजानं दचकला.

दानम्मा शेडमध्ये उभी होती. तिनं आधी डावं दार उघडलं, जरा वेळ थांबली, ते लावलं आणि मग वळसा घालून उजवीकडून आत बसली. आजवर तो हे बघत आला होता. आज त्यानं मान खाली घातली.

दोघं निघाले. केज मागं पडलं. नांदूरघाटाचा रस्ता उखडलेला होता आणि कडक गाडी एकही खडा चुकू देत नव्हती. स्टिअरिंग हातात थरथरत होतं, डिकीचं झाकण वाजत होतं. आईला सांगायला हवं, असं त्याला सारखं वाटत होतं. पाय धरायला हवेत. पण धरून म्हणायचं काय?

त्यानं आरशात पाहिलं.

दानम्मा दणक्यादणक्याला हादरत होती. तिचं डोकं हलत होतं, मांडीवरचा बेल हलत होता, उजवा हात वरच्या कडीला घट्ट होता. डावा खांदा मात्र तिनं जरा खाली सोडून अगदी स्थिर धरला होता, लेकरू खांद्यावर निजलं की बायका धरतात तसा. तिथला पदर दबलेला होता. खांद्याच्या गोलाईवर सपाट चेपलेला, आणि सुरकुत्या त्या जागेभोवती गोळा झालेल्या. शेजारची जागा रिकामी होती. एक मोठा खड्डा आला. सगळी गाडी उसळली, दानम्मा उसळली, आणि पदर तेवढ्या एका जागी जरासुद्धा सरकला नाही.

"आई," अमरनाथ म्हणाला. "आई, त्या दिवशी गाडी डुलत नव्हती गं."

"मला ठाव हाय."

"तुला..."

"मी शेजारीच हुते की बाबा." दानम्माचा आवाज अगदी खालचा होता, शेजारच्याची झोपमोड होऊ नये इतका. "त्या दिवशी लई घाई झाली तुजी. आज हळू चालव. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

अमरनाथनं वेग कमी केला. खड्डे चुकवत, चाकं कडेकडेनं घेत तो चालवत राहिला. मागून आवाज येत होता, दबल्याचा आणि उठल्याचा, आणि आता तो रबराचा नव्हता. शेताचा बांध आला. बांधापलीकडं समाधीचा पांढरा ओटा दिसला. इथं थांबायचं होतं. पण थांबलं की दार उघडावं लागणार होतं, आणि अप्पांना उठवून खाली कुणी उतरवायचं हे त्याला कळेना.

ओटा डाव्या बाजूनं मागं गेला. दानम्मानं मांडीवरचा बेल सावरला. अमरनाथ गाडी चालवत राहिला.